कोल्डरूमचा ‘नवा’ कॉम्प्रेसर

वरुड-मोर्शी पट्ट्यात ज्यांच्याकडे संत्र्याची लहान कोल्डरूम आहे, त्यांनी हे वाचून घ्या. आमच्या गटाचे ६८ हजार गेले, ते कंट्रोलरच्या (मशीन कधी चालू-बंद करायची हे ठरवणाऱ्या डब्याच्या) दोन आकड्यांपायी.

मृग बहाराचा माल फेब्रुवारी-मार्चला उतरतो. भाव पडलेला असला की ६-७ अंशांत काही आठवडे थांबवायचा, एवढंच या खोलीचं काम. हंगामाआधी सर्व्हिसिंगला एक मेकॅनिक आला. कॉइल धुतली, मग पॅनल उघडून बराच वेळ बटणं दाबत बसला. जाताना म्हणे, "भाऊ, आता तापमान हलणार नाही. माल दुप्पट टिकते पाहा." आणि खरंच, रजिस्टरात आधी ६ ते ८ च्या मधले आकडे असायचे, ते आता सकाळ-संध्याकाळ ६.१, ६.३, ६.२. सगळे खूश.

फक्त कॉम्प्रेसर सारखा चालू-बंद व्हायला लागला. लाइन गेली-आली की आधी तीनेक मिनिटं थांबायचा, आता ताबडतोब सुरू व्हायला पाहायचा, नुसता घुरघुरायचा आणि ओव्हरलोड ट्रिप व्हायचा, म्हणजे जास्त करंट ओढल्यानं आपोआप बंद पडायचा. फोन केला तर "गॅस उडाला." गॅस भरला, नायट्रोजनचं प्रेशर देऊन लीक शोधला नाही, सिलिंडर काट्यावर ठेवला नाही. पुन्हा तेच. मग "कॉम्प्रेसर बसला भाऊ, नागपूरहून नवा आणतो." जुना गाडीत घालून नेला. काळाकुळकुळीत नवा आला, बसवला, आणि मशीन गुमान चालायला लागली.

गटातल्या एकाचा भाचा अमरावतीला आयटीआयत रेफ्रिजरेशन शिकतो. त्यानं सहज रजिस्टर चाळलं. "मामा, कॉम्प्रेसर बदलला तं तापमान पुन्हा ६ ते ८ कसं झालं? हे तं कंट्रोलरचं काम आहे." कंट्रोलर उघडू गेला तर पासवर्ड. मेकॅनिक आम्हाला म्हणाला होता, कंपनीचा असतो, सांगता येत नाही. मग पोरानं चिंधीवर थिनर घेऊन कॉम्प्रेसरवरची नाव-नंबरची पट्टी घासली. काळा रंग निघाला, खाली सिरियल नंबर. वॉरंटी कार्ड आणलं. तोच नंबर! आमचाच कॉम्प्रेसर रंगवून आम्हालाच विकला होता.

त्यानं समजावलं ते असं. ६ वर बंद, ८ वर चालू, म्हणजे डिफरन्शियल (चालू-बंदमधला फरक) २. ते अर्ध्या अंशाच्याही आत आणलं की तापमान स्थिर दिसतं, पण कॉम्प्रेसरला उसंत मिळत नाही. दुसरा आकडा बंद झाल्यावर थांबायच्या वेळेचा. कॉम्प्रेसरच्या हाय आणि लो साइडचं (जास्त आणि कमी दाबाच्या बाजूचं) प्रेशर बरोबरीला यायला वेळ लागतो. ती वेळ शून्य केली तर मोटर दाबावर उठायला बघते, सुरू होताना एरवीच्या पाच-सहा पट करंट ओढते, वाइंडिंग तापतं. म्हणजे मशीन आजारी नव्हती, आजारी पाडली होती. ‘नवा’ बसवताना मेकॅनिकनं दोन्ही आकडे गुपचूप जागेवर आणले. रजिस्टर मात्र त्याच्या हातात नव्हतं.

आता आमच्याकडे सर्व्हिसिंगच्या आधी आणि नंतर कंट्रोलरच्या प्रत्येक सेटिंगचा फोटो काढतो, कॉम्प्रेसरच्या पट्टीचाही. पासवर्ड लिहून दिल्याशिवाय पैसे नाही. जुना पार्ट गाडीत चढवू देत नाही. गॅस भरायचा तर लीक दाखवा आणि सिलिंडरचं आधीचं-नंतरचं वजन बिलावर लिहा. नीट काम करणारा मेकॅनिक याला कधीच नाही म्हणत नाही.

आमच्या बिलावर जीएसटी नंबर नव्हता, हे भाच्यानंच दाखवलं. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, ठाण्यातही अर्ज दिलाय. मेकॅनिक फोन उचलत नाही. गाडीवर आता वेगळ्याच दुकानाचं स्टिकर आहे आणि शेंदुरजनाघाटकडे "फ्री चेकअप" करत फिरतो, असं ऐकतो.