सीएमएसआयएस-डीएसपी आठ महिने वापरून: एफएफटीचा प्रोग्राम ५६ केबीत कसा बसवला

आठ महिने झाले, रोज सीएमएसआयएस-डीएसपी ही लायब्ररी (आर्म चिपांसाठीचा सिग्नल-गणिताचा तयार कोड) वापरतोय, त्यामुळे आता लिहायला हरकत नाही. काम असंय की पंपाच्या बेअरिंगपाशी एक छोटा बोर्ड बसवायचा, त्याने व्हायब्रेशन मोजायचं, एफएफटी करायची (सिग्नल वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सींमध्ये मोडायचा) आणि कुठल्या फ्रिक्वेन्सीला किती जोर आहे तेवढंच वर पाठवायचं. बोर्डावर एसटीएम३२जी४३१ आहे, म्हणजे कॉर्टेक्स-एम४, १२८ केबी फ्लॅश, ३२ केबी रॅम. सेन्सर एडीएक्सएल३४५, ३२०० हर्ट्झने सॅम्पल घेतो, एका वेळी १०२४ सॅम्पल, म्हणजे एक बिन (फ्रिक्वेन्सीचा एक कप्पा) ३.१२५ हर्ट्झचा. १४४० आरपीएमची मोटर २४ हर्ट्झने फिरते, तिचा उंचवटा सात-आठ नंबरच्या बिनपाशी नीट दिसतो.

आता १२८ केबी म्हटलं की भरपूर वाटतं, पण पंप कुठेतरी विहिरीवर असणार, फर्मवेअर लांबूनच अपडेट करायचं, म्हणून १६ केबी बूटलोडरला (फर्मवेअर सुरू करणाऱ्या छोट्या प्रोग्रामला) गेले आणि उरलेल्याचे दोन स्लॉट केले, ५६-५६ केबीचे, एक चालू फर्मवेअरला आणि एक नव्याला. हातात खरे ५६च. एफएफटी नव्हती तोवर प्रोग्राम ३० केबीच्या आत होता. एफएफटी जोडली, बिल्ड मारला आणि लिंकरने (कोडचे तुकडे जोडून प्रोग्राम बनवणाऱ्या टूलने) सांगितलं, फ्लॅश ओव्हरफ्लो!

मी आधी सगळे जण करतात तेच केलं. ऑप्टिमायझेशन -ओएस, फंक्शन-सेक्शन्स, डेटा-सेक्शन्स, जीसी-सेक्शन्स, एलटीओसुद्धा, म्हणजे प्रोग्राम लहान करायचे कंपायलर-लिंकरचे सगळे पर्याय लावून बघितले, दोन दिवस त्यातच गेले आणि सुटले जेमतेम काही केबी. मग मॅप फाइल (फ्लॅशमध्ये कशाने किती जागा घेतली त्याची यादी) उघडली, जी पहिल्याच तासात उघडायला हवी होती. रोडेटा सेक्शनमध्ये, म्हणजे न बदलणाऱ्या डेटाच्या भागात, ट्विडलकोएफ नावाची टेबलं (एफएफटीला लागणारे साइन-कोसाइनचे तयार आकडे) ओळीने उभी. मी ४०९६ची एफएफटी आयुष्यात केलेली नाही, तरी त्या लांबीचं ट्विडलकोएफ_आरएफएफटी_४०९६ हे एकटं टेबल १६,३८४ बाइट घेऊन बसलेलं. सगळ्यांची बेरीज मारली तर ७७ केबी. म्हणजे नुसती टेबलंच माझ्या अख्ख्या स्लॉटपेक्षा मोठी, कोड किती का आवळा, काय उपयोग?

कारण अगदी साधं आहे. आर्म_आरएफएफटी_फास्ट_इनिट_एफ३२ हे फंक्शन लांबी आर्ग्युमेंट म्हणून घेतं, आत स्विच आहे, ३२ पासून ४०९६ पर्यंत प्रत्येक लांबीचा केस आणि प्रत्येक केस आपापल्या टेबलांकडे बोट दाखवतो. मी कायम १०२४च देणार हे लिंकरला कुठून कळणार, तो बिचारा सगळी टेबलं ठेवतो, आणि त्याचं बरोबरच आहे.

उपाय एका ओळीचा निघाला. त्याजागी आर्म_आरएफएफटी_फास्ट_इनिट_१०२४_एफ३२ असं लांबी नावातच असलेलं फंक्शन वापरायचं. १०२४च्या रिअल एफएफटीला आतून ५१२ची कॉम्प्लेक्स लागते, तिचं ट्विडल टेबल ४०९६ बाइट, बिट-रिव्हर्सलचं (आकड्यांचा क्रम बदलायचं) ८९६, आणि रिअलसाठीचं वेगळं ४०९६. एकूण ९०८८ बाइट. ७७ केबीचे ९ केबी झाले!! डेटा-सेक्शन्स आणि जीसी-सेक्शन्स मात्र चालूच ठेवा, त्यांच्याशिवाय न वापरलेली टेबलं गळणार नाहीत. जुन्या आवृत्तीवर असाल तर तिथे हेच काम मॅक्रोंनी होतं, आधी एआरएम_डीएसपी_कॉन्फिग_टेबल्स द्यायचा आणि मग लागतील ती टेबलं एकेक करून चालू करायची. त्यात एखादं राहिलं की बिल्ड होतो पण इनिट चालताना एरर परत देतं, म्हणून परत आलेला स्टेटस तपासायचा कंटाळा करू नका.

मधे एकदा वाटलं क्यू१५ वर जाऊ, १६ बिटचे आकडे म्हणजे टेबलं निम्मी होतील. उलटंच झालं. क्यू१५च्या रिअल एफएफटीला रिअलकोएफएक्यू१५ आणि बीक्यू१५ अशी दोन टेबलं लागतात, प्रत्येकी ८१९२ नोंदी, लांबी कुठलीही असो. ३२ केबी तिथेच गेले. नोंदी निम्म्या आकाराच्या आहेत म्हणून एकूण कमी होईल हा अंदाज मॅप फाइल न बघता धरू नका. किस एफएफटी ही दुसरी लायब्ररीसुद्धा लावून बघितली, ती फ्लॅशवर हलकी आहे पण ट्विडल सुरुवातीला रॅममध्ये तयार करते, माझ्या लांबीला साधारण १० केबी रॅम, आणि माझ्याकडे एकूण ३२, त्यातले ८ इनपुट-आउटपुट बफरचे. रॅम मोकळी असेल त्यांनी जरूर विचार करावा.

बाकीची बचत लायब्ररीच्या बाहेर सापडली. एका ठिकाणी एफ न लावता नुसतं लॉग१० लिहिलेलं, ते डबलमध्ये चालतं, आणि या चिपचा एफपीयू (दशांश गणिताचं हार्डवेअर) फक्त सिंगलचा, म्हणून डबलचं सगळं सॉफ्टवेअर गणित आत ओढलं गेलं. डब्ल्यूडबल-प्रमोशन ही वॉर्निंग चालू ठेवा, असल्या बऱ्याच जागा ती दाखवते. प्रिंटएफमधला फ्लोट काढला, आकडे मिली-जी मध्ये इंटिजर करून पाठवतो. हॅन विंडो (एफएफटीआधी सॅम्पलना गुणायचे आकडे, टोकांना शून्याकडे जाणारे) सिमेट्रिक असते, तर १०२४ऐवजी ५१२च आकडे ठेवले, २ केबी सुटले.

उत्तर चुकू नये म्हणून दोन गोष्टी. आर्म_आरएफएफटी_फास्ट_एफ३२ इनपुट बफर खराब करतं, मूळ सॅम्पल पुढे हवे असतील तर आधी कॉपी करा. आणि आउटपुटमधले पहिले दोन आकडे म्हणजे डीसी (शून्य हर्ट्झ) आणि नायक्विस्ट (सॅम्पलिंगच्या निम्मी फ्रिक्वेन्सी), एक कॉम्प्लेक्स जोडी नव्हे. तसंच मॅग्निट्यूड काढलं तर शून्य नंबरचा बिन चुकीचा येतो, माझा पहिले तीन आठवडे चुकीचाच येत होता.

आज पूर्ण फर्मवेअर ४१ केबी आहे. आता ज्यांच्यासाठी हे करतोय त्यांना फ्रिक्वेन्सी अजून बारीक हवीय, म्हणजे २०४८. टेबलं साडेएकोणीस केबीची होतील, एकूण ५२च्या आसपास, बफर १६ केबी. बसतंय. पुढच्या आठवड्यात एका पंपावर टाकून बघणारे.