प्रागच्या चौकात गेलेले दीड हजार

मी बँकेत ३१ वर्षं कॅशवर बसलो. फाटकी नोट, चिकटवलेली नोट, बंडलात मधेच घुसवलेली दहाची नोट, सगळं बोटांना कळायचं. त्यामुळे पुढचं लिहिताना थोडी लाज वाटतेय. पण आमच्या ओळखीतले दोघेतिघे या उन्हाळ्यात तिकडे निघालेत, म्हणून लिहितोच.

लेक आणि जावई जर्मनीत, न्युर्नबर्गला असतात. ईस्टरच्या सुट्टीत आम्ही चौघं तीन दिवस प्रागला जाऊन आलो. महिनाभर आधीपासून आमच्या हिची वही तयार होती. डाव्या पानावर काय बघायचं, उजव्या पानावर काय खायचं. किल्ला, चार्ल्स पूल, जुन्या चौकातलं खगोलीय घड्याळ. समोर स्वतःसाठी तळलेलं चीज, जावयांसाठी भाजलेला हॅम, आणि सगळ्यांसाठी ते साखरेत घोळवलेलं नळकांडं, त्रदेल्निक. (त्यावर ‘पारंपरिक’ अशी पाटी असते. प्रागमध्ये हे फॅड अलीकडचं, पर्यटकांसाठी आलेलं. खायला वाईट नाही.) मी त्यात माझी एक भर घातली होती. चार्ल्स पुलाचा पहिला दगड १३५७ साली, नवव्या तारखेला, सातव्या महिन्यात, पहाटे ५ वाजून ३१ मिनिटांनी बसवला असं तिकडे सांगतात. आकडे ओळीने लिहा: १३५७९७५३१. चढतात तसेच उतरतात. आकड्यांच्या माणसाला आणखी काय हवं! बसमध्ये हे मी तिघांना दोनदा ऐकवलं.

एवढी तयारी, पण पैशांचं पान कोरं. प्राग ही चेक देशाची राजधानी. तो देश २००४ पासून युरोपियन युनियनमध्ये आहे, म्हणून मी धरून चाललो होतो की युरो चालेल. तिथे चलन कोरुना. एका युरोला साधारण २५ कोरुना, हे बसमध्येच जावयांनी सांगितलं. ते म्हणाले, “बाबा, आपण बँकेच्या एटीएममधून काढू.” मी म्हटलं, “रोख आहे ना माझ्याकडे, कशाला उगाच कार्ड घासायचं.”

चौकाकडे जाणाऱ्या गल्लीत एक एक्स्चेंजचं काउंटर दिसलं. पाटीवर मोठ्ठं शून्य टक्के कमिशन. खाली ठळक आकडा, २५च्या जरा वरचा. लेक आणि जावई हॉटेलात सामान टाकायला गेले होते. मी काचेखालून २०० युरो सरकवले. बाईंनी काहीतरी छापलं, मी सही केली, नोटा आल्या. मोजल्या. तीन हजार पाचशे.

म्हणजे मी नोटा मोजल्या, बरोबर भरल्या, आणि खिशात टाकल्या. हिशोब मोजलाच नाही. पाच हजार यायला हवे होते. नवीन नोटा, नवे रंग, मागे रांग, शेजारी ही “चला, बारा वाजतील” करतेय. पावती मात्र जपून पाकिटात ठेवली. सवय.

पाटीवरचं एकही अक्षर खोटं नव्हतं. तो ठळक आकडा त्यांच्या विक्रीचा होता, म्हणजे ते ज्या दराने आपल्याला युरो देतील तो. आपण युरो देतो तेव्हा खरेदीदार ते असतात, आणि खरेदीचा दर शेजारच्या बारीक रकान्यात होता: १७.५०. कमिशन खरंच शून्य. एवढ्या फरकावर कमिशन घ्यायचंच कशाला? बाय आणि सेल रेटचा तक्ता आमच्या शाखेत फॉरेक्सच्या टेबलामागे रोज माझ्या डोळ्यांसमोर असायचा, हे इथे सांगितलं नाही तर ही सांगेल.

बाराला घड्याळाखाली तुडुंब गर्दी. वरच्या दोन खिडक्या उघडतात, येशूच्या बारा शिष्यांच्या मूर्ती एकेक करून डोकावतात, बाजूचा सांगाडा घंटा वाजवतो. १४१० सालचं यंत्र आहे, आणि खेळ मिनिटभरात आटोपतो. हिच्या व्हिडिओत समोरच्या माणसाचा टक्कल असलेला माथा आला. म्हणून एक वाजेपर्यंत पुन्हा थांबलो. तोवर मुलं आली. मग चौकातल्या ईस्टरच्या जत्रेत जेवण.

हॅमच्या दुकानात सळईवर मांडीच्या मांडी फिरत होती. पाटीवर ११९. जावयांनी बोटांनी ‘थोडंसं’ दाखवलं. त्या माणसाने सुरी घातली आणि वीटभर तुकडा वजनकाट्यावर ठेवला. काटा त्याच्याकडे तोंड करून. ४८० ग्रॅम, ५७१ कोरुना. ११९ हा भाव शंभर ग्रॅमचा, तो ‘१०० ग्रॅम’ पाटीच्या कोपऱ्यात. कापलेलं परत घेत नाहीत. तिथे खायचंच असेल तर आधी वजन बोला, दोनशे ग्रॅम म्हणा, आणि काटा बघा.

पैसे मी दिले. लेकीने माझ्या हातातल्या उरलेल्या नोटा पाहिल्या. “बाबा, किती घेतलेत बदलून?” मी सांगितलं. ती गप्प झाली, फोन काढला, काहीतरी वाचलं आणि एकदम म्हणाली, “पावती आहे का? वेळ काय आहे त्यावर?”

चेक देशात १ एप्रिल २०१९ पासून कायदाच आहे: एक्स्चेंजवाल्याकडचा १००० युरोपर्यंतचा व्यवहार तीन तासांच्या आत, कारण न देता रद्द करता येतो. पावती घेऊन जायचं, त्यांची रक्कम द्यायची, आपली परत घ्यायची. हे वाचून ठेवा. माझ्या पावतीवर ११:२० होते. आम्ही गल्लीत चुकत चुकत पोचलो तेव्हा २:३५. काचेमागच्या बाईंनी पावती पाहिली, भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट केलं आणि मान हलवली. आवाजही चढवला नाही.

दुसऱ्या दिवशी एका बँकेच्या इमारतीतल्या एटीएमवर गेलो. मशीनने विचारलं, रक्कम रुपयांत वळती करून देऊ का? बटण हिरवं, रुपयाचा आकडा ओळखीचा, बोट जाणारच होतं. लेकीने मनगट धरलं. तिथे ‘विदाउट कन्व्हर्जन’ दाबायचं, कोरुनातच घ्यायचे. दर मग आपल्या कार्डाचा लागतो, मशीनवाल्याचा नाही. आणि काउंटरवर जाणं भागच असेल, तर नोटा काचेखाली सरकवण्याआधी एकच विचारा: दोनशेचे माझ्या हातात किती पडतील? आकडा कागदावर लिहून घ्या.

घरी आल्यावर ही वहीत खर्च उतरवत होती. पूल फुकट. चौक फुकट. घड्याळ, तिने लिहिलं, १५०० कोरुना.