बघायला कोणीच आलं नव्हतं

न्यू जर्सीत टाउनहाउस किंवा कॉन्डो असोसिएशनमध्ये राहणाऱ्यांसाठी, आणि खास करून त्यांच्या बोर्डावर काम करणाऱ्या आपल्या मंडळींसाठी हे लिहिते आहे. आमची वसाहत मिडलसेक्स काउंटीतली, १९८७ साली बांधलेली, ११२ घरांची. मी बोर्डाची खजिनदार. २०२४च्या सप्टेंबरात रिझर्व्ह स्टडीसाठी आम्ही ज्या सल्लागाराला नेमलं त्याने आम्हाला फसवलं. त्याच्या चेकवर सही माझी होती.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. दर महिन्याच्या मेन्टेनन्समधून काही रक्कम मोठ्या कामांसाठी बाजूला पडते. छपरं, रस्ते, गटारं, भिंती अशी कामं. आपल्याकडच्या सोसायटीत सिंकिंग फंड असतो, तसंच हे. रिझर्व्ह स्टडी करणाऱ्याने सामाईक मालकीच्या एकेका गोष्टीची यादी करायची, ती अजून किती वर्षं टिकेल आणि बदलायला किती खर्च येईल ते मांडायचं, आणि दरवर्षी किती पैसे बाजूला टाकायला हवेत ते सांगायचं. २४ जून २०२१ला फ्लोरिडात सर्फसाइडला चॅम्प्लेन टॉवर्स साउथ ही बारा मजली इमारत रात्री झोपेत असलेल्या माणसांवर कोसळली आणि ९८ जण गेले. तिथल्या स्लॅबचं गंभीर नुकसान इंजिनिअरने २०१८मध्येच लिहून दिलं होतं. दुरुस्तीसाठी दीड कोटी डॉलरची वर्गणी बोर्डाने मंजूर केली ती एप्रिल २०२१मध्ये, आणि तोवर उशीर झाला होता. त्या घटनेनंतर काही राज्यांत कायदे झाले. न्यू जर्सीच्या कायद्यावर तेव्हाचे गव्हर्नर मर्फी यांनी ८ जानेवारी २०२४ला सही केली. दर पाच वर्षांनी रिझर्व्ह स्टडी, तीस वर्षांचा आराखडा, आणि त्या तीस वर्षांत शिल्लक कधीही शून्याखाली जाता कामा नये. ज्यांनी गेल्या पाच वर्षांत स्टडी केलेला नव्हता त्यांना एक वर्षाची मुदत मिळाली.

आमचा शेवटचा स्टडी २०१५चा. म्हणजे जानेवारी २०२५च्या आत करायलाच हवा होता.

चांगल्या लोकांच्या हातात तेव्हा भरपूर कामं होती. दोन इंजिनिअरिंग कंपन्यांनी ६,१०० आणि ७,४०० डॉलर सांगितले, आणि दहा-बारा आठवडे लागतील म्हणाल्या. मग वसाहतीचा रोजचा कारभार बघणाऱ्या आमच्या मॅनेजमेंट कंपनीचा माणूस बैठकीत म्हणाला, "माझ्या ओळखीचा एक जण आहे, आमच्या बऱ्याच वसाहतींचं तोच करतो." त्याचा भाव २,२०० डॉलर, मुदत दोन आठवडे. पाचपैकी चार मतं त्याला पडली. विरोधात गेलेले गृहस्थ एवढंच म्हणाले होते की तिघांच्या भावात इतका फरक का, ते आधी विचारू या. आम्ही विचारलं नाही.

नोव्हेंबरात अहवाल आला. चौसष्ट पानं, रंगीत आलेख, मुखपृष्ठावर एका नावापुढे 'रिझर्व्ह स्पेशालिस्ट' ही पदवी. निष्कर्ष असा की आमच्या खात्यात ४,८६,००० डॉलर आहेत, असायला हवेत ५,९३,०००, म्हणजे निधी ८२ टक्के भरलेला. मेन्टेनन्स वाढवायची गरज नाही. दर घरामागे महिना २५ डॉलरची वाढ आम्ही ठरवत आणली होती, ती त्या रात्री रद्द केली. वर्षाचे ३३,६०० डॉलर आम्ही हौसेने सोडून दिले. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मी व्यवसायाने अकाउंटंट आहे. सगळ्या बेरजा तपासल्या होत्या आणि एकही चुकलेली नव्हती.

ही टक्केवारी कशी निघते ते प्रत्येक घरमालकाला ठाऊक असायला हवं, कारण लबाडी इथेच झाली. समजा एखादी गोष्ट बदलायला २०,००० डॉलर लागतात आणि ती वीस वर्षं टिकते. तिला पंधरा वर्षं झाली असतील तर तिच्यासाठी आजवर १५,००० साठलेले असायला हवेत. यादीतल्या प्रत्येक गोष्टीचा असा हिशोब करून बेरीज करायची आणि खात्यातल्या रकमेला त्या बेरजेने भागायचं. आता यादीतून एखादी जुनी, महागडी गोष्ट गाळली की भाजक लहान होतो आणि टक्के आपोआप वाढतात. गणित बिनचूकच राहतं. आमची यादीच खोटी होती.

हे माझ्या लक्षात आलं नाही. एप्रिलमध्ये डोंबिवलीहून बाबा सहा महिन्यांसाठी आले, त्यांच्या लक्षात आलं. ते तिकडे सोसायटीचे अकरा वर्षं सेक्रेटरी होते. महाराष्ट्रातल्या आदर्श उपविधींप्रमाणे पंधरा वर्षांवरच्या इमारतीचं दर पाच वर्षांनी आणि तीस वर्षांवरच्या इमारतीचं दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट करावं लागतं. त्यांनी अशी तीन ऑडिटं करून घेतलेली. दुपारी वेळ जात नाही म्हणून अहवाल चाळत बसले होते. संध्याकाळी मी कामावरून आले तेव्हा चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, "अगं, तुमच्याकडे टेनिस कोर्ट कुठे आहे? मी रोज फिरतो, मला तर दिसलं नाही."

टेनिस कोर्ट आम्ही २०१८मध्ये काढून तिथे गाड्यांची जागा केली. अहवालात मात्र त्याचा पृष्ठभाग २०२९ साली नवा करायचा होता. मुलांचे झोके आम्ही २०१९मध्ये काढून टाकले, ते २०३१ साली बदलायचे होते.

"बघायला कोण आलं होतं?" बाबांनी विचारलं.

मला सांगता येईना. मॅनेजमेंट कंपनीला विचारलं, शेजारपाजारी विचारलं. कोणी म्हणजे कोणी कुणाला वसाहतीत हिंडताना पाहिलेलं नव्हतं.

त्या रात्री मी २०१५चा अहवाल काढून दोन्ही याद्या समोरासमोर ठेवल्या. तीच क्रमवारी, तेच शब्द, एके ठिकाणी तीच टंकनचूक. फक्त वर्षं पुढे सरकवलेली आणि काही मोठ्या ओळी उडवलेल्या. वसाहतीच्या उत्तरेला लाकडी ओंडक्यांची ६४० फूट लांबीची संरक्षक भिंत आहे, तिच्यामागे टेकडीची माती आहे. २०१५मध्ये ती यादीत होती, २०२४मध्ये गायब. रस्त्याखालचे पावसाच्या पाण्याचे पत्र्याचे पाइप दोन्हीकडे नव्हते. रस्त्यांसाठी फक्त वरून काळा लेप द्यायचा खर्च धरला होता, थर खरवडून नवा घालायचा नाही. छपरं २००६ सालची, ती तीस वर्षं टिकणार असं बिनदिक्कत लिहिलेलं. महागाई वर्षाला एक टक्का धरली होती. आजचं एक लाखाचं काम तीस वर्षांनी एक टक्क्याने १,३५,०००ला पडतं आणि तीन टक्क्यांनी २,४३,०००ला. एवढ्या एका आकड्याने सगळा आराखडा गोड दिसू लागतो.

मग करार नीट वाचला. पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत 'सखोल अभ्यास'. चौथ्या पानावर बारीक अक्षरांत 'तिसरा स्तर'. या व्यवसायात स्टडीचे मुख्य प्रकार तीन. पहिल्या स्तरात सगळ्या गोष्टी जागेवर जाऊन मोजायच्या, दुसऱ्यात जुन्या स्टडीची जागेवर जाऊन फेरतपासणी करायची, आणि तिसऱ्यात जागेवर न जाता नुसतं कागदावर अद्ययावत करायचं. नऊ वर्षं जुन्या स्टडीवर तिसऱ्या स्तराचं काम म्हणजे नऊ वर्षांपूर्वीच्या एक्स-रेवर आज औषध देणं. आणि ते आम्हाला पहिल्या स्तराचं म्हणून विकलं गेलं होतं.

पदवीचंही तसंच. 'रिझर्व्ह स्पेशालिस्ट' ही पदवी कम्युनिटी असोसिएशन्स इन्स्टिट्यूट देते आणि त्यासाठी तीन वर्षांत किमान तीस स्टडी केलेले दाखवावे लागतात. पदवीधरांची यादी त्यांच्या संकेतस्थळावर कुणालाही बघता येते. आमच्या अहवालावरचं नाव त्यात होतं, पण दुसऱ्याच कंपनीच्या पत्त्यावर. मी त्या गृहस्थांना फोन केला. ते क्षणभर गप्प राहिले आणि म्हणाले, "ती कंपनी सोडून मला अडीच वर्षं झाली. तुमच्या वसाहतीचं नावही मी ऐकलेलं नाही." अहवाल कोणी लिहिला ते आजही आम्हाला कळलेलं नाही. मॅनेजमेंट कंपनीला त्या सल्लागाराकडून दर कामामागे पैसे मिळत होते, हे मात्र त्यांच्याच माणसाने जूनच्या बैठकीत, तीनदा विचारल्यावर, कबूल केलं.

जुलैत पाऊस झाला तेव्हा भिंतीचा मधला भाग पोटासारखा पुढे आला. मुलांना तिकडे जाता येऊ नये म्हणून आम्ही जाळी लावली आणि परवानाधारक इंजिनिअरला बोलावलं, ७,४०० डॉलरवाल्यांनाच. बाई आल्या, दीड दिवस चालल्या. ओंडक्यांत पेचकस खुपसून पाहिला तर तो मुठीपर्यंत आत गेला. गटाराची झाकणं उघडून पाइपांत कॅमेरा सोडला, तळ गंजून गेलेला दिसला. नव्या हिशोबात असायला हवे होते १८ लाख डॉलर आणि होते ५,०४,०००. म्हणजे २८ टक्के.

भिंतीचे ६,३४,००० डॉलर. पाइप वेगळे. ऑक्टोबरात आम्हाला दर घरामागे ६,४०० डॉलरची स्पेशल असेसमेंट, म्हणजे जादा वर्गणी, लावावी लागली, शिवाय मेन्टेनन्स ३१०वरून ३९५. भिंत कधीतरी बांधावीच लागली असती, हे मला मान्य आहे. पण इंजिनिअरबाई म्हणाल्या की वर्षभर आधी कळलं असतं तर मागचा पाण्याचा निचरा मोकळा करून आधी सर्वांत खराब दोनशे फूट आणि उरलेलं चार वर्षांत, असं टप्प्याटप्प्याने करता आलं असतं. तो अवधी त्या चौसष्ट पानांनी खाल्ला. मधल्या काळात तीन कुटुंबांनी आमच्याकडे घरं घेतली ती ८२ टक्क्यांचा आकडा बघून. त्यांतलं एक जोडपं मराठी, पहिलंच घर, बाळ पाच महिन्यांचं. सभेत तो मुलगा उभा राहिला आणि त्याने इतकंच विचारलं, "हा कागद आम्हाला तुम्हीच दिला होता ना?" दिला होता. माझ्या सहीचं पत्र जोडून.

पैसे परत मिळवायला वकिलाकडे गेलो तर करारातलं आणखी एक कलम पुढे आलं. चूक कितीही मोठी असो, सल्लागाराची जबाबदारी त्याच्या फीपुरतीच. व्यावसायिक चुकांचा विमा त्याच्याकडे नव्हताच आणि आम्ही प्रमाणपत्र मागितलंही नव्हतं. वकिलाच्या पत्रानंतर २,२०० डॉलर आले. दुसऱ्याचं नाव आणि पदवी परस्पर वापरल्याची तक्रार आम्ही राज्याकडे आणि त्या इन्स्टिट्यूटकडे केली आहे, उत्तराची वाट बघतो आहोत. मॅनेजमेंट कंपनी बदलली.

जानेवारी २०२५ची मुदत गाठायला घाईघाईने स्टडी करून घेतलेल्या वसाहती आमच्यासारख्या आणखीही असतील. तुमची तशी असेल तर एक विनंती. अहवाल मागवा, घरमालक म्हणून हक्काने मागवा. टक्केवारीचं पान सोडून द्या आणि वस्तूंची यादी घेऊन वसाहतीला एक फेरी मारा. जे डोळ्यांना दिसतं ते यादीत आहे का, आणि यादीत आहे ते जागेवर आहे का, एवढं पाहा. जमिनीखालचं काय काय धरलं आहे ते विचारा. स्टडी कितव्या स्तराचा, कोण कधी येऊन गेलं, महागाई किती धरली, हे बोर्डाला लेखी विचारा. नवा माणूस नेमणार असाल तर त्याने पूर्वी केलेल्या दोन-तीन वसाहतींना स्वतः फोन करा. त्याने दिलेल्या आकड्यांप्रमाणे तिथे खरोखर खर्च आला का, हे त्यांना विचारा. मॅनेजमेंट कंपनीने नाव सुचवलं तर त्यात त्यांना काय मिळतं, ते बैठकीच्या इतिवृत्तात लिहून घ्या. आणि जबाबदारीचं कलम वाचल्याशिवाय सही करू नका.

असेसमेंट ठरल्यावर मी घरोघरी गेले. भिंतीच्या अगदी पुढ्यातल्या रांगेत एक काकू राहतात, वय एकाहत्तर, यजमान गेल्यापासून एकट्या, सोशल सिक्युरिटीच्या सरकारी पेन्शनवर भागवतात. त्यांना अठरा हप्ते करून दिले आहेत. मी माफी मागितली. त्यांनी चहा टाकला, मला खिडकीशी नेलं आणि बाहेर बोट दाखवलं. "ही बघ, ओट्यापाशी उभी राहिले की समोर भिंतच. दोन वर्षं झाली कलायला लागून. मी ऑफिसात दोनदा फोन केला होता. तो माणूस एकदा माझ्या मागच्या दारी आला असता ना, तर मीच त्याला दाखवली असती."