डीईआयसी, यूडीआयडी, गट साधन केंद्र : फुकट मिळतं ते नेमकं किती मिळतं?

मूल तीन वर्षांचं झालं तरी बोलत नाही, आणि घरात ठरलेले सल्ले सुरू असतात: "मुलगे उशिराच बोलतात", "याचा बापही चौथ्या वर्षी बोलला". शाळेत गेलेलं मूल दुसरी-तिसरीतही 'घ' आणि 'ध', 'भ' आणि 'म' यांत अडखळतं, तेव्हा बाई म्हणतात, "घरी अभ्यास घेत चला". अशा घरांसाठी महाराष्ट्रात सरकारी सेवांची एक साखळी आहे. शाळा-अंगणवाडीत तपासणी, जिल्ह्याला निदान आणि थेरपी, मग दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र, मग शाळेत विशेष शिक्षक. प्रत्येक टेबलावर बऱ्यापैकी काम होतं. पण एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर कागद आपोआप जात नाही, तो पालकालाच न्यावा लागतो. हे एकदा डोक्यात बसलं की निम्मी चिडचिड वाचते.

पहिली कडी म्हणजे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं फिरतं पथक. हा कार्यक्रम 2013 च्या फेब्रुवारीत सुरू झाला तो आपल्याच पालघरमधून. पथकात दोन आयुष डॉक्टर, एक परिचारिका आणि एक औषधनिर्माता असतात. अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी-अनुदानित शाळेत एकदा तपासणी होते. दुभंगलेला ओठ, हृदयातलं छिद्र, वाकडे पाय हे पथकाच्या नजरेतून सहसा सुटत नाही. सुटतं ते न दिसणारं: स्वमग्नता (ऑटिझम), सौम्य बौद्धिक अक्षमता, एका कानाचा बहिरेपणा. एका दिवसात अख्खी शाळा उरकायची म्हटल्यावर एका मुलाच्या वाट्याला येतात तीन-चार मिनिटं, आणि शांत बसलेलं मूल तेवढ्यात पास होतं. त्यामुळे पथकाने "ठीक आहे" लिहिलं म्हणून गप्प बसू नये. पथकाने चिठ्ठी दिली तर काम सोपं होतं, पण चिठ्ठी नसली तरी थेट जिल्हा रुग्णालयाच्या बालरोग ओपीडीत जाऊन तिथून डीईआयसीला पाठवायला सांगता येतं.

डीईआयसी म्हणजे जिल्हा पातळीवरचं शीघ्र हस्तक्षेप केंद्र. या साखळीतली सर्वांत मौल्यवान जागा हीच. कागदोपत्री इथे एका छपराखाली बालरोगतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट, वाचा-श्रवणतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, नेत्रतपासणी करणारे, विशेष शिक्षक, दंतवैद्य असतात. प्रत्यक्षात ही पदं बहुतांशी कंत्राटी, म्हणून एखादी खुर्ची रिकामी असणं नेहमीचं; त्यातही वाचातज्ज्ञाची जास्त. निघण्याआधी फोन करून "वाचातज्ज्ञ कोणत्या वारी असतात" एवढंच विचारलं तर एक खेप वाचते. आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत 15 ऑगस्ट 2023 पासून केसपेपरपासून तपासण्यांपर्यंत सगळं मोफत आहे. मात्र केंद्र वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात असेल तर ते वेगळ्या विभागाखाली येतं आणि तिथे किरकोळ शुल्क लागू शकतं. मुंबईत अशा तपासण्यांसाठी सायन, नायर, केईएम या पालिकेच्या रुग्णालयांकडे वळावं लागतं.

न बोलणाऱ्या मुलाची पहिली तपासणी कानाची व्हायला हवी. स्वमग्नतेचा विचार त्यानंतर. इथे पालक हमखास एक दिवस वाया घालवतात. 'बेरा' तपासणीत कानात आवाज देऊन मेंदूपर्यंत जाणारे संकेत मोजतात आणि त्यासाठी मूल गाढ झोपलेलं लागतं. झोपेचं औषध देतात, पण एसटीत तासभर झोपून आलेलं मूल त्या औषधालाही दाद देत नाही. आदल्या रात्री उशिरा झोपवा, पहाटे उठवा, प्रवासात काहीही करून जागं ठेवा आणि शेवटचं खाणं किती वाजता द्यायचं हे आधीच विचारून घ्या. कानात मळ असेल तर तो अगोदर डॉक्टरांकडून काढून घ्यावा. सर्दी असेल तर तारीख पुढे ढकलावी, कारण मधल्या कानात पाणी साठलं की निकाल खराब येतो आणि सगळं पुन्हा करावं लागतं.

मानसशास्त्रज्ञाच्या चाचण्यांत गफलत होते ती वेगळ्या जागी. बौद्धिक अक्षमतेसाठी सामाजिक परिपक्वतेची मोजणी आणि स्वमग्नतेसाठी 'ईसा' ही भारतीय मोजपट्टी वापरतात. ईसामध्ये 40 मुद्दे, प्रत्येकाला 1 ते 5 गुण. एकूण 70 च्या खाली स्वमग्नता धरत नाहीत, 70 ते 106 सौम्य, 107 ते 153 मध्यम, त्यापुढे तीव्र. दोन्ही ठिकाणी बरीचशी माहिती आईच्या तोंडून घेतली जाते, आणि आपली भाषाच इथे घात करते. "स्वतः जेवतो का?" "हो, जेवतो." खरं उत्तर असतं, "मी घास करून हातात दिला तर तोंडात घालतो." करतो, करून घेतो आणि करून द्यावं लागतं, या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. लेकराला कमी दाखवायचं नाही म्हणून आई "करतो" म्हणते, गुण सुधारतात, दिव्यांगत्वाचे टक्के घसरतात. वाढवून सांगू नये, पण नेहमीचा दिवस कसा जातो ते जसंच्या तसं सांगावं. घरातले दोन-तीन मिनिटांचे व्हिडिओ, एक जेवतानाचा आणि एक इतर मुलांबरोबरचा, फोनमध्ये तयार असले तर चार प्रश्न कमी होतात. अध्ययन अक्षमतेचं, म्हणजे वाचन-लेखनात सतत अडखळण्याचं, निदान मात्र आठव्या वर्षाआधी पक्कं करत नाहीत, आणि तिथे चाचणी कोणत्या भाषेतून घेणार हे विचारून घ्यावं. मराठी माध्यमाच्या मुलाची वाचनचाचणी इंग्रजीतून झाली तर तो अहवाल फारसा कामाचा नाही.

तपासणीला आमचे पाचपैकी चार गुण. थेरपीला दोन.

कारण साधं आहे: वारंवारता. आठवड्याला एक सेशन, अर्धा तास, तेही तालुक्याहून दीड-दोन तास प्रवास करून. आईचा एक रोज बुडतो, भाडं वेगळं, आणि तिसऱ्या महिन्यात येणं बंद होतं. खासगीत शहरात एका सेशनचे पाचशे ते हजार सहज जातात, म्हणजे आठवड्याला तीन सेशन ठेवायची ऐपत फार थोड्यांची. यावर व्यवहारी तोडगा असा की डीईआयसीकडे शिकून घेण्याची जागा म्हणून पाहावं. व्यायाम रोजचा, तो घरी. थेरपिस्टने मुलाकडून करून घेतलं आणि तुम्ही बाकावर बसून पाहिलं, तर ते सेशन फुकट गेलं. "मला करून दाखवू द्या, चुकलं तर हात धरा," असं म्हणा. एका वेळी तीनच व्यायाम घ्या, रोज किती वेळा ते लिहून घ्या, व्हिडिओ काढा. दहा व्यायामांचा छापील कागद घरी नेला की चार दिवसांत तो देवघराच्या मागे जातो. बोटांच्या ताकदीला महागडे संच लागत नाहीत: कणीक मळणं, तांदळातून राजमा वेचणं, दोरीवर कपड्यांचे चिमटे लावणं हेच ऑक्युपेशनल थेरपिस्टही सांगतात.

सेरेब्रल पाल्सीच्या, म्हणजे मेंदूतल्या दोषामुळे हालचालींवर ताबा नसलेल्या, मुलांना पायाला आधार देणारे स्प्लिंट मिळतात, शिबिरांतून मोफतही. पालकांची कुरकुर एकच: "घालतच नाही, रडतो." बहुतेक वेळा दोष मापाचा असतो. स्प्लिंट काढल्यावर कातडीवरचे लाल वळ वीस-तीस मिनिटांत गेले तर ठीक. त्याहून जास्त टिकले तर तिथे दाब पडतोय, परत नेऊन ती जागा मोकळी करून घ्या. आत शिवण नसलेला, गुडघ्याखालीपर्यंत येणारा सुती मोजा हवा. पहिल्या दिवशी अर्धा तास, मग हळूहळू वाढवत न्यायचं. मूल वाढतं, म्हणून दर सहा महिन्यांनी माप तपासायचं. शिबिरात मिळालेली वस्तू मापाची नसेल तर तिथेच बोला. नंतर बदलून मिळणं जवळपास अशक्य.

यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगत्वाचं सरकारी ओळखपत्र, हा पुढचा टप्पा. तो थेरपी सुरू होण्याआधीच उरकावा असं आमचं मत, कारण एसटीतली 75 टक्के सवलत याच कार्डावर मिळते आणि 65 टक्क्यांच्या वर दिव्यांगत्व असेल तर सोबत येणाऱ्याचंही निम्मं भाडं सुटतं. अर्ज स्वावलंबन पोर्टलवर भरायचा: फोटो, मुलाचं आधार, पत्त्याचा पुरावा, आणि तपासणीचं रुग्णालय निवडायचं. मग नोंदणी क्रमांकाची पावती घेऊन रुग्णालयातल्या दिव्यांगत्व तपासणी मंडळाच्या (बोर्डाच्या) वारी हजर राहायचं. 2016 च्या कायद्यात 21 प्रकार आहेत. 40 टक्क्यांच्या खाली पांढरं कार्ड येतं आणि त्यावर बहुतेक योजना मिळत नाहीत. 40 पासून पिवळं, 80 पासून निळं. अडतं ते नावावर. आधारवर 'सार्थक संजय', शाळेच्या दाखल्यावर 'सार्थक संजयराव', कार्डावर तिसरंच, आणि मग दहावीच्या सवलतींच्या प्रस्तावाला त्रुटी निघते. आधी आधार आणि शाळेचा दाखला जुळवा, मग अर्ज भरा. मुलांचं प्रमाणपत्र बहुधा तात्पुरतं असतं. त्यावरची मुदत वाचून घरच्या कालनिर्णयवर चार महिने आधीच्या पानावर लिहून ठेवा.

आता शाळा. समग्र शिक्षा या सरकारी शालेय योजनेखाली प्रत्येक तालुक्याच्या गट साधन केंद्रात समावेशित शिक्षणाचे विशेषतज्ज्ञ आणि विशेष शिक्षक असतात. अख्ख्या साखळीत पालकाने ज्यांचा फोन नंबर पाठ करावा अशी हीच माणसं. अलिम्को या सहायक साधनं बनवणाऱ्या सरकारी कंपनीचं मोजमाप शिबिर कधी, भत्त्याचा अर्ज कुठे अडला, कोणता मुख्याध्यापक ऐकतो हे त्यांनाच माहीत असतं. संख्या मात्र तुटपुंजी. सर्वोच्च न्यायालयाच्या 2021 च्या निकालानंतर केंद्र सरकारने 2022 मध्ये प्राथमिकला दहा दिव्यांग मुलांमागे एक आणि वरच्या वर्गांना पंधरामागे एक विशेष शिक्षक असं प्रमाण ठरवलं. इथे एकाच शिक्षकाकडे शाळांची लांबलचक यादी असते. भेट महिन्यातून एखादी होते, आणि तीही वर्गाच्या कोपऱ्यात.

या टप्प्यावर एक कागद बाकी सगळ्यांवर भारी पडतो: यू-डायसमधली, म्हणजे शाळांच्या सरकारी ऑनलाइन माहितीप्रणालीतली, नोंद. मुख्याध्यापकांनी मुलाचा दिव्यांगत्वाचा प्रकार तिथे भरला नसेल तर सरकारच्या लेखी ते मूल अस्तित्वातच नाही. मग प्रवास भत्ता नाही, मदतनीस भत्ता नाही, साहित्य नाही, मुलींना दरमहा 200 रुपयांप्रमाणे दहा महिने मिळणारा प्रोत्साहन भत्ताही नाही. जून-जुलैत शाळेत जाऊन "नोंद झाली का" एवढ्यावर थांबू नका. स्क्रीनवर दाखवायला सांगा. भत्त्यासाठी बँक खातं मुलाच्या नावाचं आणि आधारशी जोडलेलं लागतं. काही शाळा नोंदीलाच बिचकतात, "तुमच्या मुलावर शिक्का बसेल" म्हणतात. शिक्का वर्गात आधीच बसलेला असतो, नोंदीने निदान साहित्य तरी येतं.

वैयक्तिक शैक्षणिक आराखड्याची, म्हणजे या मुलाने काय शिकायचं ते लिहिलेल्या कागदाची, प्रत मागून घ्या. "वाचनात प्रगती करेल" हे उद्दिष्ट निरुपयोगी आहे. "डिसेंबरपर्यंत काना-मात्रा असलेले वीस शब्द मदतीशिवाय वाचेल" हे तपासता येतं. तीव्र बहुविकलांग मुलांसाठी गृहाधारित शिक्षण आहे, शिक्षक घरी येतात. पण हा पर्याय शाळेने फार लवकर सुचवला तर सावध राहावं. रॅम्प नाही, मदतनीस नाही, म्हणून मूल घरी, असं होतं, आणि एकदा गृहाधारित यादीत गेलेलं मूल परत वर्गात आणणं जड जातं. 6 ते 18 वर्षांपर्यंत जवळच्या शाळेत किंवा आपल्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिकण्याचा हक्क 2016 च्या कायद्याच्या कलम 31 मध्ये आहे. मुख्याध्यापकांशी बोलताना कलमाचा आकडा सांगितला की आवाज बदलतो.

निरामय या दिव्यांगांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्याबद्दल थोडक्यात: स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता या चारच गटांना, वर्षाला एक लाखापर्यंत, आधी वैद्यकीय तपासणी न करता. थेरपीचा खर्चही त्यात बसतो, पण त्याला वेगळी मर्यादा आहे. पैसे आधी खिशातून, परतावा नंतर. बिलावर थेरपिस्टचा नोंदणी क्रमांक नसेल तर दावा परत येतो. दरवर्षी नूतनीकरण विसरायचं नाही.

दहावीच्या सवलतींचं काम नववीतच सुरू करावं. वाढीव वेळ तासाला 20 मिनिटं, शिवाय गरजेप्रमाणे लेखनिक, तोही खालच्या इयत्तेतला. प्रस्ताव शाळेमार्फत विभागीय मंडळाकडे जातो. डिसेंबरात जाग आली तर प्रमाणपत्राचं नूतनीकरण आणि प्रस्ताव एकमेकांत अडकतात. लेखनिक आयत्या वेळी आजारी पडतो, म्हणून दुसऱ्याचंही नाव मंजूर करून ठेवा आणि दोघांनाही मुलाबरोबर किमान दोन सराव पेपर लिहायला बसवा. मूल सांगतंय एक आणि लेखनिक लिहितोय दुसरंच, हे तिथेच कळतं. मंजुरीचं पत्र शाळेच्या फायलीत राहतं आणि परीक्षा केंद्र दुसऱ्या शाळेत असतं. त्याच्या दोन झेरॉक्स पहिल्या पेपरच्या आदल्या दिवशी केंद्रसंचालकांना देऊन या, एक पालकाजवळ ठेवा, आणि पर्यवेक्षक वाढीव वेळ कधीपासून मोजणार हे तिथेच बोलून घ्या.