आवेनिदा रेव्होलुसिओन, तिहुआना: पाचपैकी तीन तारे

अमेरिकेतल्या सान दिएगोहून ब्लू लाइन ट्रॉली थेट मेक्सिकोच्या सीमेवरच्या सान इसिद्रोच्या नाक्यापाशी सोडते. पायी सीमा ओलांडली की वीस-पंचवीस मिनिटांत हा रस्ता येतो. स्थानिक त्याला 'ला रेवू' म्हणतात. १९२० मध्ये अमेरिकेत दारूबंदी आली आणि ला रेवूचं नशीब उघडलं. तेव्हापासून इथलं पोट पलीकडच्या गिऱ्हाइकावर. २००८ मध्ये आरेयानो फेलिक्स ही ड्रग टोळी फुटली, भरवस्तीत गोळीबार होऊ लागले. त्यातच मंदी, आणि जून २००९ पासून अमेरिकनांनाही परतताना पासपोर्ट किंवा तसलंच कार्ड सक्तीचं. गिऱ्हाईक आटलं, दुकानांना कुलपं लागली. गंमत म्हणजे २०१८ मध्ये शहरात अडीच हजारांहून जास्त खून झाले, तरी ला रेवू तशी ओस पडली नाही; आता टोळ्यांचं भांडण मुख्यतः किरकोळ ड्रगविक्रीच्या हद्दीचं आणि बरंचसं पूर्वेकडच्या वस्त्यांत. लागूनच असलेल्या झोना नोर्ते या वेश्यावस्तीत मात्र रात्री पाय ठेवू नये.

खरेदीला दोन तारे. पेसोची खूणही '$' हीच, त्यामुळे पाटीवरचा आकडा कशाचा ते आधी विचारा. डॉलर चालतात, पण दर दुकानदाराचा. चांदीवर '९२५' छाप पाहा. 'अल्पाका' म्हणजे निकेल-तांबं-जस्त, चांदी शून्य. औषधं सुट्या गोळ्यांत मुळीच घेऊ नका, काही दुकानांतल्या गोळ्यांत फेंटानिल हे जीवघेणं ड्रग सापडलंय. झेब्र्याचे पट्टे रंगवलेलं गाढव दिसेलच: जुन्या कृष्णधवल फोटोंत पांढरं गाढव उठून दिसेना, म्हणून पट्टे.

चौथा तारा मिळायचा तर पासाहे रोद्रिगेस या दुकानांच्या बोळामुळे. बंद पडलेल्या गाळ्यांत २०१० पासून चित्रकार, पुस्तकवाले, कॉफीवाले शिरले. पर्यटकाऐवजी गावातलं गिऱ्हाईक धरलं. सीझर्स या रेस्टॉरंटमध्ये सीझर सॅलड टेबलाशीच कालवतात, पण शाकाहाऱ्यांनो, त्यात अँचोव्ही मासे आणि कच्चं अंडं असतं.

तारा कापला तो परतीच्या रांगेमुळे. रविवारी संध्याकाळी पायी रांगही दोन-दोन तास खाते. आठवड्यातल्या दिवशी जा, दुपारीच निघा. अमेरिकेचा वैध व्हिसा असला की भारतीयांना मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागत नाही. मात्र तो अनेकवेळा प्रवेशाचा हवा. एच-वन-बी वाल्यांनी मंजुरीपत्र आणि विद्यार्थ्यांनी कॉलेजची प्रवासाची सही असलेला आय-२० फॉर्म सोबत ठेवावा.