एक मिनिट पेटणारे फ्लोट

सारंगखेड्याच्या यात्रेत मी ७,२०० रुपयांना फसलो. ज्या वस्तूत फसलो ती विजेवर चालणारी होती, हे सांगताना मला अधिक लाज वाटते. ती वस्तू म्हणजे दिव्याचा फ्लोट, गळाच्या दोरावर तरंगून मासा लागल्याचे दाखवणारी खूण. कारण रेल्वेच्या विद्युत विभागात मी ३१ वर्षे नोकरी केली असून बॅटऱ्या, मीटर आणि तारा यांतच माझे आयुष्य गेले आहे. ज्याला यातले काही कळत नाही तोच फसतो, असा समज माझ्याप्रमाणे आणखी कोणाचा असेल, तर त्याने हा अनुभव सावकाश वाचावा.

भुसावळचा उन्हाळा ज्यांनी सोसला आहे त्यांना आम्ही रात्री गळ का टाकतो हे समजावून सांगावे लागत नाही. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४५ अंशांच्या आसपास घुटमळतो, तापीच्या काठावरचे खडक दुपारी हात लावू देत नाहीत आणि मासाही खोल डोहात दडून बसतो. अंधार पडल्यावर रोहू, मरळ आणि वाम काठाकडे सरकतात. पण तंगुसावरचा, म्हणजे गळाच्या नायलॉन दोरावरचा, फ्लोट मात्र त्याच वेळी दिसेनासा होतो. पूर्वी आम्ही मोरपिसाचा दांडा किंवा भेंडाचा तुकडा चुन्याने पांढरा करून वापरत असू आणि त्यावर अधूनमधून बॅटरीचा झोत टाकत असू. उथळ पाण्यावर असा झोत पडला की काठाशी आलेला मासा पुन्हा आत जातो, हे प्रत्येकाने अनुभवलेले आहे. काही जण काठीच्या शेंड्याला घुंगरू बांधतात, परंतु घुंगरू वाजते ते माशाने दोर ओढल्यानंतर. वामीसारखा मासा आमिष नुसते चघळत असताना जी बारीक हालचाल होते ती फ्लोटवरच कळते. म्हणून ज्याच्या टोकालाच दिवा आहे असा फ्लोट आमच्यासारख्यांना हवाहवासा वाटतो.

या फ्लोटची रचना साधी असते. वर काडीसारखी बारीक दांडी, तिच्यात एक किंवा अनेक लहान एलईडी, मध्ये हलका फुगीर भाग आणि खाली शेपटीत सेल बसवण्याची जागा. सेल आगपेटीतल्या काडीहून जाड आणि तिच्याहून आखूड असतो. त्याचा प्रचलित प्रकार सीआर ४२५ हा असून जाडी ४.२ मिलिमीटर, लांबी सुमारे २६ मिलिमीटर आणि दाब ३ व्होल्ट असतो. तो लिथियमचा असतो व पुन्हा चार्ज करता येत नाही. बाहेरचे धातूचे कवच धन आणि मधली सुई ऋण, असा तो उलटा प्रकार आहे. त्यात साधारण २५ मिलीअँपिअर-तास इतकीच वीज साठलेली असते. म्हणजे फ्लोटने ३ मिलीअँपिअर घेतले तर हिशेबाने आठ तास, आमच्या भाषेत एक पुरी रात्र. हा हिशेब मला यात्रेत उभा असतानाही येत होता. फक्त तो मी केला नाही.

२६ डिसेंबर २०२३ रोजी दत्तजयंती होती. त्यानंतर चार दिवसांनी मी आणि माझा भाचा सुरत मार्गाच्या गाडीने दोंडाईच्याला उतरलो व तिथून जीपने सारंगखेड्याला गेलो. एकमुखी दत्ताचे दर्शन घेतले, घोडेबाजार पाहिला, आणि संध्याकाळी खेळण्यांच्या व भांड्यांच्या दुकानांमागे एका ताडपत्रीखाली काचेच्या पेटीत पाणी भरून त्यात हिरवे-लाल फ्लोट उभे केलेले दिसले. अंधार पडत होता, पेटीतले दिवे सुरेख दिसत होते, आणि तापी तर पलीकडेच वाहत होती. भाच्याचे यावलला हार्डवेअरचे दुकान आहे व त्यात गळ, तंगूस, शिसे असा मासेमारीचा थोडा माल तो ठेवतो. त्याचे डोळे चमकले आणि माझेही.

दुकानदार चाळिशीचा, बोलायला अतिशय नम्र होता. "दादा, रातभर चालस हाई, चिंता नका करू," असे तो प्रत्येकाला अहिराणीत सांगत होता. मी त्याच्यावर एकदम विश्वास ठेवला नाही, हे मला आवर्जून नोंदवायचे आहे. पेटीतले फ्लोट त्याने निवडून ठेवलेले असणार हे ओळखून मी त्याच्या खोक्यातील तीन पाकिटे स्वतः उचलली, स्वतः फोडली, त्यातले सेल स्वतः बसवले. तिन्ही फ्लोट पेटले. त्याने ते ग्लासभर पाण्यात सोडले, मिनिटभर ठेवले, बाहेर काढून पुसले आणि "सेल उतरू नये" म्हणून ताबडतोब वेगळे करून पाकिटात घातले. ही काळजी पाहून माझा त्याच्याविषयीचा आदर वाढला. सगळी मेख त्या मिनिटात होती.

भाव त्याने नगाला ९५ रुपये सांगितला व रोख दिल्यास ९० केला. साठ फ्लोटचे ५,४०० आणि १५ रुपयांप्रमाणे १२० सेलचे १,८००, असे ७,२०० रुपये मी रोख मोजले. नगामागे पाच याप्रमाणे एकूण ३०० रुपये वाचवण्याच्या नादात पैसे कोणाला दिले याचा बँकेतला पुरावा मी माझ्या हातानेच पुसून टाकला. पावती म्हणून वहीचे पान मिळाले. त्यावर "फ्लोट ६० नग, सेल १२० नग" एवढेच लिहिलेले होते. दुकानाचे नाव नाही, गाव नाही, सही नाही. पाकिटावर परदेशी अक्षरे आणि एका चिकटपट्टीवर मोबाइल क्रमांक होता. अशा बंद पाकिटावर उत्पादकाचे अथवा आयातदाराचे नाव-पत्ता, कमाल किंमत आणि महिना-वर्ष छापलेले असणे कायद्याने बंधनकारक आहे, हे मला माहीत होते. भुसावळच्या दुकानात बिस्किटाचा पुडा घेताना मी ते वाचतो. यात्रेत वाचले नाही.

थंडीत आम्ही रात्री बसत नाही, त्यामुळे माल दोन महिने तसाच राहिला. दहा नग मी ठेवले, पन्नास भाच्याच्या दुकानात गेले. मार्चच्या पहिल्या आठवड्यात आम्ही चौघे मित्र नेहमीच्या डोहावर गेलो. सव्वासातला सहा गळ पाण्यात पडले, तीन हिरवे आणि तीन लाल. देखावा खरोखर सुंदर होता. वीस-पंचवीस मिनिटांत हिरवे दिवे मलूल झाले. आम्हाला वाटले दव पडले असेल. पावणेआठला एकही हिरवा दिवा दिसेना. लाल दिवे विझत्या विडीच्या टोकासारखे आणखी थोडा वेळ टिकले आणि आठनंतर तेही गेले. सेल बदलले, पुन्हा तेच. बरोबर नेलेले वीसही सेल रात्री दहापर्यंत संपले. मित्रांपैकी एकाने संतापाने दोन सेल नदीत भिरकावायला हात उचलला. तो मी अडवला व सगळे सेल खिशात भरून घरी आणले. पुढे तेच पुरावा म्हणून कामी आले.

दुसऱ्या दिवशी मीटर काढला. रात्री पूर्ण विझलेल्या सेलवर दुपारी २.९ व्होल्ट दिसत होते! नव्या सेलवर तीन व्होल्टपेक्षा थोडे अधिक दिसतात, म्हणजे वरवर फरक नाहीच. तोच सेल फ्लोटमध्ये घालून दिवा लावला व मीटर तसाच जोडून ठेवला, तेव्हा दहा मिनिटांत काटा २.२ वर आला आणि पुढेही घसरतच राहिला. काढून ठेवला की तासाभराने पुन्हा वर. वापरून झालेला सेल विश्रांती मिळाली की असा तात्पुरता सावरतो; दमलेला माणूस पाच मिनिटे बसून उठला की चार पावले चालतो, तसेच. आता त्या ग्लासातल्या मिनिटाचा अर्थ मला लागला. आजच्या चमकदार हिरव्या एलईडीला जवळजवळ तीन व्होल्ट लागतात, तर लाल एलईडी दोन व्होल्टच्या आसपासही मिणमिणत राहते. म्हणून हिरवे आधी गेले आणि लाल मागाहून. मग भिंग घेतले. दुकानात पडून असलेल्या, आम्ही कधीही न वापरलेल्या सेलच्या सुईवर आणि कवचाच्या कडेवर बारीक ओरखडे होते, आणि पाकिटाची एक कड गरम इस्त्रीने पुन्हा चिकटवल्यासारखी दिसत होती. सेल नवे नव्हतेच. कोणीतरी वापरलेले सेल गोळा करून, पुसून, पाकीटबंद करून आम्हाला विकले होते.

मी यात्रेत पाकिटे स्वतः निवडली होती, तरीही फसलो, त्याचे कारण हेच. मालातले काही नग चांगले आणि काही वाईट असतील, या गृहीतावर माझी सारी परीक्षा उभी होती. इथे सगळाच माल सारखा वाईट होता आणि तो प्रत्येक नग एक मिनिट पेटणार याची विकणाऱ्याला खात्री होती.

इकडे यावलहून भाच्याचा फोन आला, "मामा, गिऱ्हाइकं परत येऊ लागली." त्याने १८० रुपयांना फ्लोट व दोन सेल याप्रमाणे २२ नग विकले होते, त्यातले १७ परत आले आणि ३,०६० रुपये त्याने निमूटपणे परत केले. छोट्या गावातल्या दुकानदाराला पैशापेक्षा तोंड दाखवणे महत्त्वाचे असते. मी त्या चिकटपट्टीवरच्या क्रमांकावर फोन लावला. तिसऱ्या दिवशी एका तरुणाने उचलला. तो म्हणाला, माल दोन महिने पडून होता, थंडीत सेल उतरतात. लिथियमचा सेल नीट ठेवला तर कित्येक वर्षे टिकतो व दोन महिन्यांत त्यातले जवळजवळ काहीच जात नाही, हे मी त्याला ऐकवल्यावर तो लगेच नरमला आणि १२० नवे सेल कुरिअरने पाठवतो, फक्त खर्चाचे ३५० रुपये यूपीआयने पाठवा, असे म्हणाला. मी पाठवले. सेल आले नाहीत, क्रमांक बंद झाला. ७,२०० रुपयांपेक्षा हे ३५० रुपये मला आजही अधिक टोचतात, कारण ते देताना मीटरवरचा आकडा माझ्या वहीत लिहिलेला होता.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर मी तक्रार नोंदवली. समोरच्या बाईंनी शांतपणे विक्रेत्याचे नाव, पत्ता आणि बिल विचारले. माझ्याकडे वहीचे पान होते. त्यांचा यात काही दोष नाही. जिल्हा ग्राहक आयोगाकडे पाच लाखांपर्यंतच्या रकमेच्या तक्रारीला शुल्क लागत नाही आणि दोन वर्षांची मुदत असते, पण नोटीस काढायची कोणावर? ३५० रुपयांसाठी सायबर फसवणुकीच्या १९३० या क्रमांकावर फोन केला तो एकोणीस दिवसांनी. त्या यंत्रणेचा उपयोग पैसे दुसऱ्या खात्यातून पुढे सरकण्याआधी ते रोखण्यात आहे. एकोणीस दिवसांनी रोखायला काय उरणार?

फ्लोटविषयीही न्यायाने बोलले पाहिजे. जळगावहून आणलेल्या खात्रीच्या सेलवर मी एकेक फ्लोट तपासला. हाती असलेल्या ५५ पैकी ३१ नग रात्रभर व्यवस्थित चालले. उरलेल्यांच्या शेपटीतली रबरी कडी सैल असल्याने तासाभरात पाणी आत शिरून सुईवर हिरवट गंज चढला. बादलीत दगड बांधून फ्लोट तळाशी बुडवून ठेवला की हा दोष लगेच उघडा पडतो, वर तरंगत ठेवून पडत नाही. माझ्या एका मित्राने मात्र विजेचा नाद सोडून वाकवल्यावर उजळणाऱ्या रसायनाच्या कांड्या धरल्या आहेत. आतली काचेची नळी एकदा फुटली की ती कांडी पुन्हा विकता येत नाही, हे त्याचे म्हणणे बिनतोड आहे. फक्त आमच्या उन्हाळ्यात ती प्रखर जळते आणि लवकर संपते.

डिसेंबर २०२४ मध्ये मी पुन्हा यात्रेला गेलो. तो माणूस दिसला नाही. पण फ्लोटची दोन दुकाने होती. पहिल्या ठिकाणी मी एक नग व सेल निवडला आणि म्हणालो, "हा पेटवून ग्लासात राहू द्या, मी दोन तासांनी घोडेबाजार पाहून येतो. तेव्हा पेटलेला असेल तर दहा घेईन आणि या सेलचेही पैसे देईन." त्याने फ्लोट माझ्या हातातून काढून घेतला व दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. दुसऱ्या दुकानातला म्हातारा हसला, ग्लासात पाणी ओतले आणि म्हणाला, "या बिनधास्त." मी सव्वादोन तासांनी परतलो तेव्हा दिवा तितकाच लख्ख होता. दहा फ्लोट घेतले, पैसे यूपीआयने दिले, पडद्यावर आलेले नाव त्याला वाचून दाखवले आणि त्याच्याकडून गावाच्या नावासह पावती लिहून घेतली. त्याने नगाला १२० रुपये लावले. मी घासाघीस केली नाही.

हाती उरलेले जुने सेल मी काचेच्या बरणीत झाकण घट्ट लावून नातवंडांच्या हाताला लागणार नाहीत अशा उंच फळीवर ठेवले आहेत. परवा त्यातला एक सहज मीटरला लावला, तर अजूनही २.९ दाखवतो.