मेरीमूरचं डॉग पार्क: नऊ महिन्यांनंतर

फेब्रुवारीत शेल्टरमधून बंड्याला आणलं. दोन वर्षांचा, तीस किलोचा, अर्धा लॅब्राडोर. आमचं घर अमेरिकेत, सियाटलजवळच्या बॉथेलमध्ये, तिसऱ्या मजल्यावर, अंगण नाही. पट्ट्याने तासभर फिरवून आणलं तरी त्याचं पळायचं राहूनच जायचं आणि रात्री तो दाराशी कुंईकुंई करत बसायचा.

सुरुवातीला घराजवळच्या एका छोट्या, कुंपणाच्या डॉग पार्कात जायचो. टेनिस कोर्टाएवढी जागा. माणसं कडेच्या बाकांवर, कुत्री मधे. नवा कुत्रा आला की सगळी दाराकडे धावत आणि त्याला कोपऱ्यात घेत. तिसऱ्याच आठवड्यात बंड्याच्या कानाला चार टाके पडले. त्या दिवसापासून आम्ही मेरीमूरला जातो.

मेरीमूर पार्क सियाटलच्या पूर्वेला, रेडमंडमध्ये आहे. किंग काउंटीचं हे पार्क 640 एकरांचं, त्यातले 40 एकर पट्टा सोडलेल्या कुत्र्यांसाठी राखलेले. प्रवेश फुकट, पार्किंगचे पैसे भरावे लागतात. देखभालीत ‘सोडा’ या स्वयंसेवी संस्थेची माणसं हातभार लावतात. त्यांचे आभार मानावे तितके थोडे.

इथे भांडणं कमी का होतात, हे मला महिनाभराने उमगलं. इथे कुणी उभंच राहत नाही. गवताळ माळ, झाडी, नदीकाठ अशा वाटांवरून माणसं चालत राहतात. दोन कुत्री भेटतात, हुंगतात, तोवर मालक वीस पावलं पुढे गेलेला असतो, म्हणून कुत्राही त्याच्या मागे पळतो. कुरबुर वाढायला वेळच मिळत नाही. म्हणून सांगते, इथे आलात तर फोन खिशात ठेवा आणि चालत राहा.

पट्टा मात्र फाटकातच सोडा. मोकळ्या कुत्र्यांच्या घोळक्यात एकटाच बांधलेला कुत्रा घाबरतो आणि घाबरला की चावतो. आणि हाकेला परत येत नसेल तर आधी ते शिकवा. आम्ही दोन महिने घराजवळच्या मैदानावर दहा मीटरच्या दोरीवर, उकडलेल्या चिकनच्या तुकड्यांवर ‘इकडे ये’ शिकवलं. मराठीचा इथे खरा उपयोग झाला. चहूकडे ‘कम, कम’ चाललेलं असताना ‘इकडे ये’ म्हटलं की फक्त बंड्याच वळतो.

एप्रिलमध्ये आई साताऱ्याहून आली. कुत्र्यांची तिला पहिल्यापासून धास्ती, म्हणून पहिले काही दिवस गाडीतच बसून राहिली. मग एकदा उतरली, माझा दंड घट्ट धरून निम्मी फेरी केली आणि म्हणाली, “अगं, एवढी कुत्री, आणि भुंकत कुणीच नाही!” जूनपर्यंत ती बंड्याला घेऊन माझ्या पुढे चालत होती.

आता नदीबद्दल, आणि हे नीट वाचा. पार्काच्या कडेने सम्मामिश नदी वाहते, कुत्र्यांना पाण्यात उतरायला जागा आहेत. उन्हाळ्यात यासारखं सुख नाही. पण शरद ऋतूत याच नदीतून चिनूक आणि कोहो सामन मासे इसाक्वाच्या ओढ्याकडे अंडी घालायला जातात आणि काही वाटेतच मरतात. कच्च्या सामनमध्ये एक चपटा कृमी असतो, त्या कृमीत एक जिवाणू. माणसाला त्या जिवाणूचा त्रास होत नाही, कुत्र्याला तो मारतो. उपचार न झाल्यास आजारी पडलेल्यांपैकी सुमारे 90 टक्के कुत्री दगावतात.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला बंड्याने काठावरचा मासा मी पोचेपर्यंत गिळला. आठवडाभर काहीच नाही. मग खाणं सुटलं, उलट्या, 105 ताप, गळ्याखाली गाठी. व्हेटने पहिला प्रश्न विचारला तो नदीचा. मी माशाचं लगेच सांगितलं, म्हणून त्याच दिवशी डॉक्सिसायक्लिन आणि कृमीचं औषध सुरू झालं. चौथ्या दिवशी त्याने भाताची वाटी चाटून पुसून साफ केली आणि मला रडू आलं. कुत्र्याने मासा खाल्ला असेल तर लक्षणांची वाट पाहू नका, त्याच दिवशी फोन करा.

पावसाळी महिन्यांत चिखल भयंकर. गाडीत तीन जुने टॉवेल आणि पाण्याचा कॅन हवाच. डिसेंबरात साडेचारलाच अंधारतं, त्यामुळे नोकरी करणाऱ्यांना शनिवार-रविवारच उरतात. सियाटल शहरात राहणाऱ्यांना मॅग्नुसन पार्क जवळ पडेल. ते लहान आहे, पण लेक वॉशिंग्टनच्या पाण्यात उतरता येतं आणि लहान किंवा बुजऱ्या कुत्र्यांना वेगळा भाग आहे.

आम्ही अजूनही आठवड्यातून चारदा मेरीमूरलाच जातो. बंड्याला जाळीचं मुसकं घेतलंय, त्यातून जीभ बाहेर काढता येते, पाणी पिता येतं, मासा मात्र तोंडात जात नाही. नदीकाठ आला की तो आपणहून थांबतो आणि मी ते चढवेपर्यंत तोंड वर करून उभा राहतो.